हरचंद मिस्त्रीचा कोनाडा

हरचंद मिस्त्रीनं मला फसवलं, हे मला सोळा वर्षांनी कळलं.

कळलं तेव्हा माझा उजवा हात भिंतीतल्या कोनाड्यात होता, पार कोपरापर्यंत. डाव्या हातातली उदबत्ती जळत जळत बोटापर्यंत आली, चटका बसला, तरी मला भान नाही. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. आता मिस्त्री नाही. त्या गोष्टीलाही वर्षं झाली.

आमचं घर वणीजवळच्या राजूरला. सासऱ्यांनी बांधलेलं, विटा आणि चुन्याचं, वर कौलं. गावाच्या एका अंगाला चुन्याच्या भट्ट्या, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी. त्यामुळं भिंतीला चुना आणि चुलीला कोळसा, या दोन गोष्टींची ददात कोणालाच नव्हती. जुन्या घरांत चुलीच्या वर भिंतीतूनच विटांची एक पोकळ नळी वर छपरापर्यंत नेलेली असायची. ते धुराडं. धूर त्यातून वर जायचा, निदान जायला पाहिजे असं बांधणाऱ्यानं ठरवलेलं असायचं. नाही गेला की बायांचे डोळे चुरचुरायचे, भिंती काळ्या व्हायच्या, आणि मग कोणीतरी म्हणायचं, "हरचंदले बलावा."

हरचंद बंजारा. पलीकडच्या तांड्यावरून सायकलनं यायचा. उंच, काटकुळा, डोक्याला फडकं. केस वयानं पांढरे की चुन्यानं, हे शेवटपर्यंत समजलं नाही. डाव्या डोळ्यावरची भुवई जळून गेलेली, त्यामुळं तो नेहमी अर्ध्या तोंडानंच नवल करतो आहे असं वाटायचं. एकटा काम करायचा. गारा तोच कालवायचा, विटा तोच वर न्यायचा. कोणी म्हटलं, "मिस्त्री, एखादा गडी ठेव ना," तर म्हणायचा, "गडी बोलते. मले आयकायचं असते."

काय ऐकायचं असायचं, तर धुराडं. कान लावून बसायचा, डॉक्टर बसतात तसा.

पहिल्यांदा आमच्या घरी आला तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या सासूबाईंची बोलतीच बंद झाली होती, आणि ती काही रोज होणारी गोष्ट नव्हती. माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झालेली. स्वयंपाकघरात धूर कोंडायचा. आमचे हे खाणीत हजेरी लिहायचे, तिथल्या कोणाकडून तरी त्यांनी निरोप धाडला. मिस्त्री आला. चपला बाहेर काढल्या, आत आला. धुराड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "रांधते कोण?"

सासूबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

"बाई, डोये दाखवा."

मी पदर पुढं ओढला. परका माणूस, सुनेला म्हणतो डोळे दाखव! सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "काय म्हणून राह्यला रे तू? डोये कायले पायजे तुले?"

"धुराडं मंग पाहातो, मायबाई. धुराडं खोटं बोलते. वरून चांगलं दिसते, अंदरून बुजलं रायते. रांधणाऱ्या बाईचे डोये खोटं नाई बोलत."

असं म्हणून तो आपला दोन हात लांब उभाच. हलेना. शेवटी मी पदर वर केला. त्यानं खिडकीच्या उजेडात माझ्या डोळ्यांकडं पाहिलं, वैद्य पाहतो तसं, बाई म्हणून नाहीच. मग सासूबाईंकडं वळून म्हणाला, "चार महिन्यांपासून रडून राह्यली हे पोरगी. तुमाले वाटलं असन माहेरची आठवण येते."

सासूबाई धप्पकन बसल्या. चार महिने त्या मला हेच तर म्हणत होत्या, की हिचं मन लागत नाही, सारखी डोळे पुसते! माझ्या बाजूनं त्या घरात पहिल्यांदा कोणी बोललं, तर तो एक परका गवंडी.

मग त्यानं चुलीत ओला कडुनिंब टाकला, बाहेर जाऊन वर पाहत बसला, पुन्हा आत आला, छपरावर चढला. वरून ओरडला, "मैनेनं घर केलं हाये! अंडे हायेत."

"काढून फेक," खालून सासूबाई.

"नाई जमत."

"काहून नाई जमत?"

"पिलं उडून जाऊ द्या. तवापर्यंत आंगणात रांधा." आणि उतरून, हात धुऊन, सायकलवर बसून गेलासुद्धा! दीड महिना आम्ही अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक केला. सासूबाई भाकरी थापायच्या आणि भाकरीगणिक मिस्त्रीचा उद्धार करायच्या. एक दिवस सकाळी तो दारात हजर. कोणी बोलावलं नव्हतं. "उडाले," म्हणाला. "येतानी रस्त्यात भेटले." आणि छपरावर चढला. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात धूर कोंडला नाही.

त्याचं काम पाहणं म्हणजे करमणूकच होती. सिमेंटचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचा. चुना भिजवून मुरवायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, बारीक विटकर. आणि मुरला का नाही हे पाहायला चक्क जिभेवर ठेवायचा! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळले होते. तो थुंकून म्हणाला, "अजून चावते. चार दिवस झोपू द्या त्याले." जीभ त्याची कशाची होती देव जाणे.

बांधून झालं की त्याची एक खूण होती. चूल पेटवायला सांगायचा, छपरावर जाऊन धुराड्याच्या तोंडावर हात धरायचा, तळवा खाली करून. चटका बसला तरी धरायचा. डोळे मिटलेले. "चालू हाये," म्हणाला की काम झालं. कधी कधी नाही म्हणायचा.

नाही म्हटलं की काय व्हायचं ते आमच्या गल्लीनं एकदा पाहिलं. चौकातल्या कापडवाल्यांनी जुनं घर दुरुस्त केलं होतं आणि हौसेनं मोठ्ठं धुराडं बांधून घेतलं होतं, वर कळसासारखी नक्षी, निळा रंग. हरचंदनंच बांधलेलं. जेवणावळ ठेवलेली, पाहुणे बसलेले, आम्हीही होतो. चूल पेटली. मिस्त्री वर चढला, हात धरला. सगळे माना वर करून पाहत होते, आता म्हणेल, मग म्हणेल. तो काही बोलला नाही. कमरेचा हातोडा काढला आणि ठाण! नक्षी खाली. ठाण! निळ्या विटा अंगणात. बाया लेकरं उचलून पळाल्या. कापडवाले शेठ धोतर सावरत ओरडत होते, "अबे पागल झाला का! मेहनत तुही होय ना, तूच तोडून राह्यला!"

"म्हणूनच तोडून राह्यलो जी," वरून मिस्त्री. "दुसऱ्याची असती तं इचारलं असतं."

मला त्या दिवशी त्याची भीतीच वाटली, खरं सांगते. चांगलं दिसणारं, धूर जरासाच मागं सारणारं धुराडं. शेठला काही कळलंही नसतं. चाललं असतं ना! पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं तो राग नव्हता. घाबरलेला माणूस विंचू मारतो ना, तसा तो हातोडा मारत होता. तेव्हा मला ते समजलं नाही. समजायला पुष्कळ वर्षं लागली.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "मिस्त्री, थोडासाच तं धूर येत होता. एवढं काय?"

तो म्हणाला, "धूर बरा, बाई. धूर सांगून येते. डोये चोळता, खोकलता, दार उघडता. लाल निखारा काहीच सांगत नाई."

मी मान हलवली आणि विसरून गेले. आपण असंच ऐकतो ना लोकांचं.

पुढं घरोघरी गॅस आला. आमच्याकडंही. सासूबाई तोवर वारल्या होत्या. मी ह्यांच्या मागं लागून पलीकडच्या पडवीत नवा ओटा करून घेतला, चकचकीत फरशीचा. जुन्या स्वयंपाकघराची खोली करायची ठरली, झोपायची. त्या खोलीत आता ते काळं धुराडं कशाला? हिवाळ्यात वरून वारा येतो, पावसाळ्यात थेंब, कधी पाल, कधी काजळी. मी मिस्त्रीला बोलावलं. "हे बुजवून टाका. ठार बंद. तिथं मला कोनाडा करून द्या, देवाचा दिवा ठेवायला."

तो धुराड्याखाली उभा राहून बराच वेळ वर पाहत राहिला.

"राहू देता का, बाई? वर झाकण करून देतो."

"नाही. वारा नको मला. बुजवा."

"या खोलीत झोपन कोण?"

"कोणीही झोपेल. पाहुणे. उद्या लेक बाळंतपणाला आली तर ती." लेक माझी तेव्हा सातवीत होती, मी आपली हसत हसत म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. भुवई नसलेला डोळा. मग म्हणाला, "बरं. करतो बंद." एवढंच. वाद नाही, हातोडा नाही. मला तर नवल वाटलं, म्हटलं म्हातारा नरमला.

तीन दिवस काम केलं. कोनाडा असा सुरेख करून दिला की काय सांगू! वर कमान, घोटून घोटून आरशासारखा चुना. पण त्यात दिवा टिकेना. लावला की ज्योत मागं वाकायची, फडफडायची, विझायची. मी काचेचा दिवा आणला, तोही विझला. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. देवाचा दिवा विझतो म्हणजे काय? शेवटी एकदा वणीच्या बाजारात मिस्त्री दिसला तर भर बाजारात त्याला झापलं. "कसलं काम केलं हो तुम्ही! फट राहिली कुठंतरी. दिवा टिकत नाही. बोळा कोंबायला गेले तर फट दिसत नाही."

तो मेथीची जुडी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "दिवा खाली ठेवा, बाई."

"आणि कोनाडा कशाला मग?"

"शोभेले."

मी इतकी चिडले! घरी येऊन ह्यांना सांगितलं, म्हातारा संपला, हात गेला त्याचा. आणि दहा घरी सांगितलं. कोणी धुराड्याचं काम काढलं की मी म्हणायची, हरचंदला नका बोलावू, माझ्या कोनाड्याची काय गत केली पाहा. सोळा वर्षं मी हे बोलले.

सुषमा, माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पौषातली थंडी, राजूरची, हाडात शिरणारी. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली आणि मी त्याच खोलीत तिची बाज टाकली. आमच्याकडं बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली निखारे ठेवायचे, वर ती आणि बाळ. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या, दाराखाली गोणपाट. माझ्या आईनं मला असंच केलं, सासूनं नणंदेला असंच. फरक एवढाच की आईकडं शेणाच्या गोवऱ्या आणि बाभळीचा विस्तव असायचा, घरही कुडाचं, शंभर फटींचं. आणि इथं आम्ही खाणीकडचे लोक, आमच्याकडं दगडी कोळसा. कोळशाची सिगडी अंगणात पेटवायची, धूर सगळा निघून जाऊ द्यायचा, निखारे लालभडक झाले की आत न्यायची. धूर नाही ना, मग काय? सगळ्या घरी असंच करतात.

चौथ्या दिवशी दुपारी मी मायलेकींना शेक देऊन, दार ओढून, पडवीत डिंकाचे लाडू वळायला बसले. तास झाला असेल, जास्तही. बाळ रडलं नाही. मला वाटलं, शेकानं छान झोप लागली. लाडू वळत होते मी! मग काय वाटलं कोण जाणे, उठून दार ढकललं.

सुषमाचे डोळे उघडे होते पण ती माझ्याकडं पाहत नव्हती. तोंडाजवळ ओकलेलं. "आई, डोकं," एवढंच म्हणाली, जिभेवर दगड ठेवल्यासारखं. आणि बाळ. बाळ गुलाबी होतं, मऊ, आणि हात सोडला की हात खाली पडत होता. मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. शेजारचे सांगतात की मी बाळाला घेऊन अंगणात पळत होते आणि एकच वाक्य म्हणत होते, "धूर नव्हता, धूर नव्हता."

शेजाऱ्यांच्या गाडीतून वणीला नेलं. ऑक्सिजन लावला. दोघी वाचल्या. संध्याकाळी बाळ रडलं तेव्हा कुठं मी घोटभर पाणी प्यायले.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं मला नीट विचारलं, खोली केवढी, दार कसं, खिडकी कशी. मी सगळं खरं सांगितलं. ती माझ्याकडं पाहतच राहिली. "आजी, पेटलेल्या कोळशातून जी हवा निघते ना, तिला ना वास ना रंग. माणूस झोपेतच जातो. तुम्ही म्हणता तशी खोली बंद असती, तर एवढ्या वेळात दोघी राहिल्या नसत्या. कुठूनतरी ती हवा बाहेर जात होती. घरी जाऊन बघा."

मी म्हटलं, "नाही हो. मीच सगळं बुजवलं होतं."

दुसऱ्या दिवशी घरी आले. खोलीत एकटी गेले, दार लावलं, देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून हातात धरली. धुराची रेघ सरळ वर गेली, मग थांबली, मग आडवी झाली. आडवी! कोणी दोरा ओढावा तशी भिंतीकडं निघाली, आणि कोनाड्याच्या कमानीत शिरून वर नाहीशी झाली.

मी कोनाड्यात हात घातला. समोर गुळगुळीत चुना. वर चाचपलं. कमानीच्या आतल्या अंगाला, उभ्या माणसाला कधीच दिसणार नाही अशा जागी, तळहाताएवढं भोक. हात वाकडा करून आत घातला, कोपरापर्यंत गेला. आत एक वीट तिरपी बसवलेली, तिच्या वर मोकळं. बोटांना गार हवा लागली. धुराडं जिवंत होतं! सोळा वर्षं माझ्या भिंतीत ते श्वास घेत होतं, आणि माझा दिवा तोच श्वास विझवत होता.

सुषमा आणि बाळ सावरल्यावर मी डबा भरून डिंकाचे लाडू घेतले आणि एसटीनं तांड्यावर गेले. मिस्त्रीनं काम सोडलं होतं, गुडघे गेले होते. बाजेवर बसून सुतळी वळत होता. मला पाहून उठायला लागला. मी काही बोलायच्या आतच त्यानं विचारलं, "त्या खोलीत कोण होतं?"

विचारणंच तसं होतं. मी एवढ्या लांब का आले असेन, हे त्याला समजलं होतं.

"सुषमा. आणि तिची मुलगी."

सुतळी हातातच राहिली.

"आहेत," मी म्हटलं. "दोघी आहेत."

त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि तोंड पुसलं. पुसतच राहिला. मी त्याच्यापुढं जमिनीवर बसले. म्हटलं, "मिस्त्री, मी तुम्हाला बंद करा म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणालात. नाही म्हणायचं होतं ना, समजावून सांगायचं होतं."

"नाई म्हटलं तं तुमी दुसऱ्याले बलावता. दुसरा खरंच बंद करते."

मी म्हटलं, "बरं, नंतर तरी सांगायचं. बाजारात एवढी बोलले मी."

"सांगतलं असतं तं बोळा घातला असता तुमी. दिव्यासाठी." हे मात्र खरं होतं. "म्हणून तं भोक वाकवलं, बाई. दिसन नाई, बुजन नाई."

"आणखी कोणाच्या घरी केलं असं?"

"बंद करा म्हणून ज्यानं ज्यानं बलावलं त्याच्या घरी. कोनाडा करून दिला की लोक खूश रायते."

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी कपात चहा घेऊन आली. बुटकी, हातात जुन्या घाटाच्या बांगड्या, चेहरा हसरा. "माही बहीण, जमना," मिस्त्री म्हणाला. ती मला रामराम करून, लाडवाचा डबा उघडून वास घेऊन, "सुंठ बेस पडली वं," म्हणून आपल्या घरी परतली. मग त्यानं आवाज इतका खाली आणला की मला पुढं वाकावं लागलं.

"तिच्यासमोर बोलू नोका. तिले माहीत नाई." आणि मग म्हणाला, "माह्या हातचं सगळ्यात चांगलं काम ते होय बाई, जे मी तिच्यासाठी केलतं. नवाच शिकलो होतो. बहीण पयल्या बाळंतपणाले आली, थंडीचे दिवस. माय म्हणे, धुराड्यातून लेकराले वारा लागते. म्या दोन दिवस बसून बंद केलं. गूळ, बेल, सगळं घालून. असं घोटलं की सुई जायची नाई. लोक पाहाले आलते. खाणीवरून कोयसा आणला, चांगला, लाल होणारा." तो थांबला. "दार उघडलं तवा जमना अर्धी होती. लेकरू नव्हतं. पोरगा होता."

मी तोंडावर पदर धरला.

"लोक म्हणे नजर लागली. मायही म्हणे. म्या भिताडाले हात लावून पायला. वरपासून खालपर्यंत सारखं गरम. हवेले जायले जागाच नव्हती ना. मलेच समजलं एकट्याले." त्यानं आपले दोन्ही तळवे पुढं केले, जुन्या डागांनी भरलेले. "भावानं बहिणीले चांगलं काम करून देल्लं."

कापडवाल्यांच्या छपरावरचा हातोडा मला तेव्हा दिसला. विंचू मारल्यासारखा.

निघताना मी त्याच्या पाया पडायला वाकले तर त्यानं पाय वर घेतले. "हे काय करता बाप्पा! डोये दाखवा." मी मान वर केली. माझं तोंड रडून सुजलेलं. त्यानं उजेडाकडं वळवून पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. "हे धुराचं नाई," म्हणाला. "जा आता. गाडी सुटन."

जमनाबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांच्या हातात माझा डबा होता, रिकामा करून त्यात त्यांनी तीळ भरले होते. बरंच अंतर गेल्यावर, समोर पाहतच, त्या म्हणाल्या, "भियानं, माह्या भावानं, तुमाले सांगतलं ना?"

माझे पाय थांबले.

"त्याले वाटते मले माहीत नाई. मले तवाच समजलं होतं. शुद्धीवर आली, तं तो भिताडाले हात लावून उभा होता. त्याचं तोंड पायलं म्या."

"मग कधी बोलला नाहीत तुम्ही? इतकी वर्षं?"

"बोलून काय भेटलं असतं? लेकरू? त्यानं थापी फेकून देल्ली असती. मंग बाकीच्याईच्या घरी भोक कोणं ठेवलं असतं? तुमच्या घरी कोणं ठेवलं असतं?" त्या अगदी साधेपणी बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. मग जरा हसल्या. "माह्याकडं गॅस हाये. पोरानं आणून देल्ला, मागाहून झालेल्या. पण दिवस कलला की म्या चूल पेटवते. आताही पेटवून आली. नाई पेटवली तं भिया कायवर हात धरन?"

एसटी आली. मी चढले, खिडकीशी बसले. काय ऐकलं ते डोक्यात शिरतच नव्हतं. दोघं शेजारी शेजारी राहतात, रोज एकमेकांच्या हातचा चहा पितात, आणि दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतात, आयुष्यभर! तो गेला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. जमनाबाई त्याच्या पुढल्या वर्षी. दोघंही नाहीत म्हणून हे लिहिते आहे, आणि आणखी एका कारणासाठी. आमच्या भागातल्या जुन्या घरात, जिथं कधी धुराडं होतं तिथं, कमानीचा सुरेख कोनाडा असेल आणि त्यात दिवा टिकत नसेल, तर कृपा करून दिवा खाली ठेवा. कोनाड्याला हात लावू नका. आणि भोक आहे म्हणून निखारे आत नेऊ नका, बाळंतीण असो, पाहुणा असो. मी नेले होते.

गाडी तांड्याला वळसा घालून जाते. त्या संध्याकाळी वळणावर मला मिस्त्री शेवटचा दिसला. गुडघे गेलेला माणूस, शिडी लावून बहिणीच्या छपरावर चढला होता. धुराड्यातून बारीक निळी रेघ निघत होती. तो तिच्यावर वाकून उभा होता, डोळे मिटलेले, तळवा खाली. पाळण्यातलं बाळ फारच शांत झोपलं की आपण त्याच्या नाकापुढं हात धरून पाहतो ना, तसा.

गाडी वळली तरी त्यानं हात काढला नव्हता.